मिरजेची चौकशी

दार सताड उघडं होतं आणि ती बाई आत येत नव्हती. मुलीचे मामा, धोंडू परब, आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकलेसुद्धा होते. मुलगी उत्तरा वहिनीला वाकून नमस्कार करत होती, नंदू उगाचच पंख्याचं बटण खालीवर करत होता, आणि मुलीची आई तेवढी बाहेर, चपलांच्या शेजारी, दोन्ही हात पोटाशी एकावर एक धरून उभी होती. नजर कुणाच्या तोंडाकडे नाही की घराकडे नाही, उंबऱ्याच्या अलीकडच्या फरशीवर. वहिनीला वाटलं, लाजते आहे. अनंताला वाटलं, कोकणातल्या माणसांची रीत असेल. वसुधाला मात्र काही वाटायच्या आधीच कळलं होतं. हातातली खोबऱ्याच्या वड्यांची ताटली तिने टीपॉयवर ठेवली.

तुरुंगात माणूस दार उघडत नाही. दार त्याच्यासाठी कुणीतरी उघडतं, आणि उघडल्यावरही 'चल' म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नसतं. वर्षानुवर्षं असं चाललं की ते पायांना पाठ होतं, आणि सुटून आल्यावर डोकं सगळं विसरायला तयार असलं तरी पाय विसरत नाहीत. हे वसुधाने लिहिलं होतं, सेमिनारांत वाचलं होतं, ती शिकवायची त्या समाजकार्याच्या संस्थेतल्या पोरींना वर्गाच्या दारात उभं राहून करून दाखवलं होतं. शिक्षा भोगून आलेली बाई ओळखायची असेल तर तिला उघड्या दारापाशी बघा, असं ती सांगे, आणि पोरी ते लिहून घेत. वर्गात हे बोलताना तिला कधी जड गेलं नव्हतं. पण मुलुंडला, सख्ख्या भावाच्या, अनंताच्या घरी, भाच्याच्या, नंदूच्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या माणसांत ते असं समोर येऊन उभं राहील, याची तिने कधी कल्पनाच केली नव्हती. वहिनी म्हणाली, "या ना, आत या." त्याबरोबर त्या बाईने उजवं पाऊल उचललं आणि ती आत आली. मग वसुधाने चेहऱ्याकडे पाहिलं. केस पांढरे झाले होते, गाल बसले होते, पण हनुवटीवरचं गोंदण तेच होतं. सुगंधा.

सुगंधानेही पाहिलं. तिचे डोळे वसुधावर आले, क्षणभर थांबले आणि पुढे सरकून भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेले. वसुधाने ओळख दाखवली नाही. तो तिचाच नियम होता. एकदा मृणालिनी नावाच्या तिच्या एका विद्यार्थिनीने घाटकोपरच्या भाजीबाजारात एका सुटून आलेल्या बाईला मोठ्या आनंदाने हाक मारली होती. बाईबरोबर तिची नणंद होती. ही कोण, कुठली ओळख, असं विचारता विचारता सगळं बाहेर आलं, आणि त्या बाईला घर सोडावं लागलं. तेव्हापासून वसुधा प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी बजावत असे, की बाहेर भेट झाली तर तिने आधी ओळख दाखवल्याशिवाय आपण दाखवायची नाही. ती आपल्या वाटेने, आपण आपल्या वाटेने. हा नियम आता इतका अंगात मुरला होता की तो पाळताना तिला काही करावंच लागलं नाही. तोंड आपोआप कोरं झालं, आणि त्या कोऱ्या तोंडामागे एक विचार आला तो मात्र तिला नको होता. 'ही नंदूच्या मुलांची आजी होणार,' असा तो विचार होता, आणि तो येताना सरळ आला नव्हता, नाक मुरडून आला होता. वसुधाला स्वतःची किळस आली. तिने चहाचे कप भरायला घेतले.

येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या विभागात एक कडुलिंब होता आणि त्याच्या पाराशी बसून वसुधा प्रबंधासाठी मुलाखती घेई. सुगंधा समोर बसून वाती वळायची. मांडीवर कापूस, बोटांना राख. बाकीच्या बायका रडत, शपथा घालत, आपण कशा निर्दोष आहोत ते सांगत. ही सरळ सांगायची. गिरणीच्या चाळीत एक खोली, नवऱ्याची पाळी, पहाटेचं पाणी. सासू पाण्यावरून बोलायची, पोरीवरून बोलायची, माहेरावरून बोलायची. त्या दिवशीही ती नेहमीसारखीच बोलली. जास्त काही नाही. हिने मोरीत एकदा ढकललं, हातात काही नव्हतं, मनातही काही नव्हतं, आणि म्हातारीचं डोकं कपडे धुवायच्या दगडाच्या कडेवर आपटलं. एवढंच. कोर्टात हे सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नसतील. पोर तेव्हा सहाची होती, आणि आईबरोबर आत ठेवतात ती त्याहून लहान पोरं. धोंडूमामाने नेली. नवऱ्याने गावी दुसरा संसार थाटला. हे सांगून झाल्यावर सुगंधा वाती वळायची थांबली आणि तिने विचारलं होतं, "बाई, तुमच्या हातून कधी कोणाक धक्को बसूक नाय?" वसुधा तेव्हा तिशीच्या आतली होती, प्रबंधाची घाई होती. ती हसली आणि म्हणाली की प्रश्न मी विचारायचे असतात. त्यावर सुगंधाही हसली होती आणि पुन्हा वाती वळू लागली होती.

चहा होईपर्यंत बोलणी छान चालली होती. जातीचा प्रश्न आधीच निघून मिटला होता. नंदू आणि उत्तरा एकाच बँकेत, शेजारच्या टेबलांवर, आणि त्याने जेवण टाकून आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं, तेव्हा वहिनीने एकदाचा सुस्कारा टाकून होकार दिला होता. धोंडूमामा गिरणी बंद पडल्यापासून नाहूरला एका कारखान्यात टाइमकीपर होते. बोलायला मोकळे, पण बोलताना मधून मधून बहिणीकडे बघणारे. वहिनीने वसुधाची ओळख करून दिली ती नेहमीसारखीच, "ही माझी नणंद, कॉलेजात शिकवते." कुठल्या कॉलेजात आणि काय, ते वहिनी कधीच सांगत नसे. सोसायटीत कुणी 'त्या जेलवाल्या बाई' म्हटलं तरी तिला लागे. आज पहिल्यांदाच वसुधाला त्या लपवण्याचं बरं वाटलं. मग वहिनीने अगदी सहज विचारलं की उत्तरा मामांकडे वाढली ती का. धोंडूमामांनी कप खाली ठेवला. ताईला छातीचं दुखणं होतं, ते म्हणाले, क्षय. तिला मिरजेला, सॅनेटोरियममध्ये ठेवावं लागलं, बरीच वर्षं. आता ठणठणीत आहे. सुगंधा मान खाली घालून बसली होती. तिने चहा बाकी कुणाचा निम्माही व्हायच्या आत, एका दमात संपवला होता आणि रिकामा कप दोन्ही हातांत धरला होता. उत्तराने आईकडे न बघता मामाकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात जो राग होता तो वसुधाशिवाय बाकी कुणाला दिसला नाही.

पाहुणे गेले तसा वहिनीचा चेहरा बदलला. ती कप गोळा करत होती, आणि सुगंधाचा कप तिने बाकीच्यांपासून वेगळा ठेवला. वहिनी लहान असताना अलिबागला तिचा थोरला भाऊ, चंद्रप्रकाश, क्षयाने गेला होता. त्याचं ताट, तांब्या, पांघरूण पडवीत वेगळं असे, आणि तो गेल्यावर ते सगळं परसात पुरलं होतं. हे ती क्वचित सांगे, पण सांगे तेव्हा तिचा आवाज लहान मुलीचा होई. अनंत म्हणाला की अगं, आता गोळ्या निघाल्यात, क्षय म्हणजे काही मरण नाही. वहिनी म्हणाली की गोळ्या तुमच्या असतील, रक्तात असलेलं गोळीने जात नाही. नंदू आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मग वहिनी वसुधाकडे वळली. तिच्या डोळ्यांत खरोखरीची भीती होती. "वसू, तू एवढी हिंडतेस, तुझे डॉक्टर असतील ओळखीचे. मिरजेला चौकशी कर ना. किती वर्षं होती, काय होतं नक्की. तू सांगशील ते मी मानीन." वसुधा 'बघते' म्हणाली. त्या घरात तिच्या कामाचा उपयोग पहिल्यांदाच कुणाला तरी करून घ्यावासा वाटला होता, आणि तो असा.

घाटकोपरला पंतनगरात तिची एक खोली आणि स्वयंपाकघर होतं. आई गेल्यावर ती तिकडे राहायला गेली होती. भावाशी भांडण नव्हतं, वहिनीशी तर नव्हतंच. नुसतं वाटलं होतं की आता त्या घरात आपलं काही राहिलं नाही. ऑक्टोबरचा उकाडा होता, समोरच्या चाळीत दिवाळीचे कंदील बांधायला घेतले होते, बांबूच्या काड्या तासल्याचा वास येत होता. सोमवार गेला, मंगळवार गेला. संस्थेत तिने दोन तास घेतले, एका समितीच्या बैठकीला जाऊन आली. बैठकीत एक निवृत्त साहेब म्हणाले की बाई, सुधारणा वगैरे ठीक आहे, पण समाजाने स्वीकारायला हवं ना. वीस वर्षं या वाक्यावर वसुधाकडे उत्तर होतं. समाज म्हणजे कोण, एकेक घरच ना, एका घराने दार उघडलं की झालं, असं ती म्हणे, आणि ते इतकं चांगलं म्हणे की लोक माना डोलावत. त्या दिवशी तिने 'पुढचा विषय घेऊ' म्हटलं. टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याला तिने दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि ते ध्यानात आल्यावर तिने हात खाली मांडीवर घेतले.

गोष्ट साधी होती, आणि साधी होती म्हणूनच अवघड. खरं सांगितलं तर क्षयाची भीती जाईल आणि तुरुंग समोर येईल. नाही सांगितलं तर मुलगी नाकारली जाईल ती तिच्या आईला कधी न झालेल्या रोगापायी. मिरजेहून 'चौकशी केली, सगळं ठीक आहे' असं खोटंच आणावं, हाही विचार तिने करून पाहिला. पण वहिनीने 'तू सांगशील ते मानीन' म्हटलं होतं. ज्या माणसाने असं म्हटलं त्याच्याशी खोटं बोलायला वसुधाची जीभ वळली नसती. शिवाय खरी भीती निराळीच होती, आणि ती वसुधाला रात्री जेवताना, सकाळी केस विंचरताना पुन्हा पुन्हा भेटत होती. तिने किती घरांत जाऊन किती सासऱ्यांना, दिरांना, भावांना समजावलं होतं. कुणी हाकललं होतं, कुणी ऐकलं होतं. ते सगळे परके होते. आता तेच तिला दादाला म्हणायचं होतं, आणि दादा 'नाही' म्हणाला तर? हा भला माणूस, ज्याने कधी मुंगीला दुखवलं नाही, तो जर म्हणाला की वसू, तुझं काम तुझ्यापाशी, माझ्या घरात नको, तर उद्या वर्गात उभं राहून ती काय शिकवणार होती? एका घराचं दार बंद झालं तर तिचं सगळं आयुष्य बाहेर चपलांशेजारी उभं राहणार होतं.

आणि वहिनी. वहिनीचं देणं तर फिटणारच नव्हतं. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा वसुधाचा प्रबंध निम्म्यावर होता. ती आठवडे आठवडे येरवड्याला राहायची, शनिवारी मुलुंडला येऊन सोमवारी परत. आईची वाचा गेली होती, स्वभाव मात्र गेला नव्हता. नको असलेला घास थुंकायची, चांगल्या हाताने ताट उलटं करायची, अंथरूण ओलं केलं की रागाने वहिनीकडे बघायची, जणू ते वहिनीनेच केलंय. चादरी, पातळं, दुपटी, रोजचा ढीग. वहिनीने सगळं केलं, आणि कधी कुणाकडे तक्रार केली नाही. एका शनिवारी वसुधा आली तर आईचा दंड कोपरापासून खांद्यापर्यंत काळानिळा. वहिनी म्हणाली, मोरीत पाय घसरला. वसुधाने हळद उगाळून लेप लावला. त्या दिवसांत वहिनी जवळ आली की आई हात आखडून घ्यायची. वसुधाने ते पाहिलं होतं. आजारात माणसं अशी होतात, एवढंच तिच्या मनात आलं होतं. येरवड्याच्या कडुलिंबाखाली कुठल्या बाईने हात असा आखडला असता तर तिने तिथेच विचारलं असतं, कोण मारतं? पण ते येरवडा होतं आणि हे घर.

बुधवारी संध्याकाळी ती दिवा लावायला उठली तेव्हा दारात सुगंधा उभी होती. वाऱ्यासाठी दार उघडं ठेवलेलं होतं, आणि ती केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. वसुधा 'ये' म्हणाली, मग 'या' म्हणाली. येरवड्याला ती हिला 'अगं सुगंधा' म्हणत असे. आता ही विहीण होऊ घातलेली बाई होती, आणि कुठला शब्द खरा ते ठरत नव्हतं. सुगंधा आत येऊन भिंतीशी जमिनीवर बसली, खुर्चीवर बस म्हटलं तरी बसली नाही. पत्ता उत्तराने नंदूकडून काढला होता. पाणी दिलं, ते तिने घेतलं, आणि मग वसुधाकडे न बघता म्हणाली, "बाई, त्या दिवशी तुमी ओळख नाय दाखवलीत."

वसुधाने समजावून सांगितलं. नियम सांगितला, मृणालिनीची हकिगत सांगितली, ती घर सुटलेली बाई सांगितली. ती वर्गात सांगायची तसंच, नीट, टप्प्याटप्प्याने. सुगंधा ऐकत होती.

"माका वाटलं, तुमाला लाज वाटली," ती म्हणाली. "घरी जाऊन मी धोंडूला म्हटलं, बाईंना पण लाज वाटते तर आणि कोणाकडे बघायचं. हा नेम तुमी केलात तो बरोबर असेल. पण आमच्यातल्या कोणाक इचारून केलात काय?"

 वसुधाने कुणाला विचारलं नव्हतं. शेकडो प्रश्न विचारले होते, बालपण, शाळा, लग्न, गुन्हा, पश्चात्ताप, आणि हा एक राहून गेला होता. बाहेर भेटलो तर तुम्हाला काय आवडेल, एवढा सोपा प्रश्न. सुगंधा पुढे सांगत राहिली. क्षय धोंडूने शोधला होता. शेजारपाजारच्यांना सांगायला बरा पडला, रोगाला कोणी शिवी देत नाही. पोरीला खरं पहिल्यापासून ठाऊक होतं. आता पोर म्हणत होती की आई, त्यांना सांग, नाहीतर मी हे लग्न करत नाही, खोट्यावर मी त्या घरात जाणार नाही. आणि सुगंधा तोंड उघडायची आणि मिटायची. कोर्टात एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं, ते सांगणं तिथेच संपलं होतं. आता पुन्हा जीभ उठत नव्हती. "तुमी सांगा, बाई. तुमचं ऐकतील," ती म्हणाली.

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर नाय ऐकलं. माझ्या गुन्ह्यानं मोडलं तर ते माझं हाय, मी सोसीन. पण नसलेल्या रोगानं मोडलं तर पोर जन्मभर म्हणेल, खरं सांगितलं असतं तर झालं असतं. ते नाय सोसायचं मला."

निघताना ती दारापाशी थांबली. बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून वसुधाने मघाशी दार लोटून घेतलं होतं. नुसतं लोटलेलं होतं, कडीही नव्हती. सुगंधाचा हात वर गेला, दाराच्या कडेपर्यंत पोचला आणि परत पोटाशी आला. वसुधा बघत राहिली. सुटून एवढी वर्षं झाली होती. मग तिने पुढे होऊन दार उघडलं, आणि सुगंधा 'येते' म्हणून जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी संस्थेत रजा टाकून वसुधा दुपारी मुलुंडला गेली. अनंत ऑफिसात, नंदू बँकेत, वहिनी एकटी असणार होती. आधी वहिनीला सांगायचं, असं तिने ठरवलं होतं, आणि का ते तिला नीट सांगता आलं नसतं. कदाचित वहिनीचीच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती. दार उघडं होतं. दिवाळीची साफसफाई निघाली होती, फळीवरचे डबे खाली जमिनीवर मांडलेले, आणि स्वयंपाकघराच्या मोरीत वहिनी पाटावर बसून पितळेची भांडी चिंचेने घासत होती. पाण्याची धार तांब्यावर पडत होती. वसुधाने चपला काढल्या आणि ती उंबऱ्यापाशी आली. तिथून पाऊल पुढे जाईना. तिने हात बघितले तर ते पोटाशी एकावर एक होते.

वहिनीने मान वळवली. "वसू? अगं, दार उघडंच आहे. उभी काय राहिलीस?"

"वहिनी, आधी ऐक. मग आत ये म्हण."

आणि तिने उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सांगितलं. मिरज नाही, येरवडा. क्षय नाही, शिक्षा. पाणी, पहाट, सासूचं बोलणं, मोरी, एक धक्का, दगडाची कड. आपण तिला तिथे भेटलो होतो आणि रविवारी ओळखूनही बोललो नाही, हेही सांगितलं. आवाज हळू ठेवावा लागत होता, कारण समोरच्या ब्लॉकचं दारही उघडं होतं. वर्गात ती हे सगळं किती सफाईने सांगायची. इथे वाक्यं तुटत होती, आणि मधली समजावणीची वाक्यं, समाज आणि स्वीकार आणि पुनर्वसन, त्यातलं एकही तोंडाशी आलं नाही. वहिनीचा घासणारा हात केव्हातरी थांबला होता. सांगून संपलं तेव्हा वहिनीने नळ बंद केला. 

"म्हणजे क्षय नव्हता?" वहिनीने विचारलं.

"नाही."

वहिनी तांब्याकडे बघत बसली.  मग वहिनीने विचारलं की सासूला कुठे लागलं म्हणालीस. डोक्याला, दगडाच्या कडेवर, वसुधा म्हणाली. वहिनीने मान हलवली. तिने चिंचेचा चोथा बोटांनी गोळा करून एका बाजूला ठेवला आणि ती ज्या मोरीत बसली होती तिच्या काठाकडे, सिमेंटच्या त्या जुन्या धारदार काठाकडे, हात नेऊन तो एकदा चाचपला.

"आईंचा दंड काळानिळा झाला होता, आठवतंय तुला?" ती म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "पाय नव्हता घसरला. मी ढकललं त्यांना. इथेच. सकाळपासून तीन वेळा चादर बदलली होती, आणि त्यांनी माझ्या तोंडावर पाणी थुंकलं. बाकी काही नाही. चादरींचा ढीग खाली भिजत पडला होता म्हणून डोकं त्याच्यावर पडलं, दंड तेवढा आपटला. ढीग नसता, तर कड आपल्या मोरीलाही आहे."

 कडुलिंबाखालचा सुगंधाचा तो प्रश्न, जो वसुधाने हसण्यावारी नेला होता, त्याचं उत्तर त्या वेळी या घरात, या मोरीत, अंथरुणावर हात आखडून पडलेलं होतं. राग आला, आईचा तो मुका डोळा समोर आला, आणि रागाच्या पाठोपाठ लाज आली, आणि लाज रागापेक्षा मोठी होती.

"तू शनिवारी आलीस," वहिनी म्हणाली, "हळद लावलीस, आणि मला म्हणालीस, वहिनी, तू आहेस म्हणून आई आहे. त्या रात्री मी जेवले नाही. मग रोज वाट बघायची, आज तू विचारशील, उद्या विचारशील. तुझं तर कामच ते. किती बायकांना विचारलंस तू."

बाहेर जिन्यावरून कुणीतरी डबा घेऊन चढत होतं, पावलं वर गेली आणि ऐकू येईनाशी झाली. वहिनीने डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हात चिंचेने भरले होते. मग ती हळू आवाजात म्हणाली की तुझ्या दादाला मी सांगते, दोन्ही सांगते, आणि रविवारी त्या लोकांना बोलव, जेवायलाच बोलव. नंतर तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि ती म्हणाली, आता आत ये आणि दार लाव, लोक ऐकतात. वसुधाने ते ऐकलं. पण तिचे पाय उंबऱ्याबाहेरच होते. आत यायला वहिनीने आता सांगितलं होतं तरी ते हलत नव्हते.

तेव्हा वहिनी पाटावरून उठली, गुडघ्यावर हात टेकत, आणि दाराशी येऊन तिने वसुधाचं मनगट धरलं. हात ओला होता, आंबट वासाचा, चिंचेच्या रेषांनी भरलेला, आणि हा तोच हात होता. वसुधाने तो सोडवून घेतला नाही.